पिल्लाचा पार्वोचा शेवटचा डोस ८७व्या दिवशी: चालेल का?

नवंपिल्लू

पिल्लू आज ५० दिवसांचं आहे. मादी, वजन २.८ किलो, खातंय-खेळतंय. सोबत मिळालेल्या कार्डावर ३५व्या दिवशी नुसतं 'पार्वो' (उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या विषाणूरोगाची लस) असं पेनाने लिहिलंय. खाली सही आहे, पण स्टिकर नाही आणि बॅच नंबरही नाही. आईचं लसीकरण झालंय असं तोंडी सांगितलं, कागद नाही. जंताचं औषध दोनदा झालंय.

कार्डावर पुढच्या तारखा ४५, ६६ आणि ८७ दिवस अशा छापलेल्या आहेत आणि त्यानंतर एकदम वर्षाने. यातली ४५ची तारीख तर हुकलीच. माझे प्रश्न:

३५व्या दिवसाचा डोस हिशेबात धरायचा का? ८७व्या दिवशी थांबलं तर चालतं का? पिल्लू लहान चणीचं आहे, तर अर्धा डोस द्यायला सांगू का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, याच घरात पाच महिन्यांपूर्वी एक पिल्लू पार्वोने गेलंय. फरशी रोज फिनेलने पुसली जाते. तेवढं पुरे का? मागे थोडी मोकळी जागा आहे, निम्मी उन्हात आणि निम्मी झाडाखाली.

शेपटीमागे

आधी ८७व्या दिवसाचं बोलतो, कारण खरी गोम तिथेच आहे. ८७ दिवस म्हणजे बारा आठवडे आणि तीन दिवस. शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर, म्हणजे ११२व्या दिवशी किंवा त्यानंतर पडायला हवा. किती डोस झाले यापेक्षा शेवटचा कधी झाला हे पाहा. पाच डोस घेऊन बाराव्या आठवड्यात थांबलेलं पिल्लू उघडं राहू शकतं, आणि सोळाव्या आठवड्यानंतर एकच डोस मिळालेलं बहुतेकदा सुरक्षित होतं.

कारण असं. पिल्लाला आईच्या चिकातून तयार अँटीबॉडी मिळतात. आतडं त्या जेमतेम पहिला दिवसभर आत घेतं, पुढे तो दरवाजा बंद. मग दर दहा दिवसांनी, साधारणपणे, त्यांचं प्रमाण निम्मं होतं. या अँटीबॉडी पिल्लाला रोगापासून वाचवतात, पण लशीतला जिवंत, सौम्य केलेला विषाणूही त्याच मारतात. म्हणजे लस टोचली, कार्डावर शिक्का पडला आणि आत काहीच घडलं नाही.

आता आकडे घेऊन बघा. रोगापासून राखण व्हायला टायटर (रक्तातल्या अँटीबॉडींचं माप; दुसरा आकडा मोठा तितक्या त्या जास्त) १:८०च्या आसपास लागतं. लस अडवायला मात्र १:२० सुद्धा पुरतं. ८०चे ४० व्हायला दहा दिवस, ४०चे २० व्हायला आणखी दहा. म्हणजे वीस-एक दिवस असे येतात की आईची राखण संपलेली असते आणि लस लागत नसते. कोणत्याही चांगल्या लशीने हा काळ शून्यावर येत नाही, फक्त कमी होतो.

आणि हा काळ प्रत्येक पिल्लाचा वेगळा. जन्मानंतर ज्याचं टायटर १:३२० होतं ते विसाव्या दिवशी ८०वर येतं आणि चाळिसाव्या दिवशी २०वर. त्याच वेतातलं दुसरं, जे धडपड करून आधी सडाला लागलं आणि १:५१२० घेऊन बसलं, ते साठाव्या दिवशी ८०वर आणि ऐंशीव्या दिवशी २०वर. त्या दुसऱ्याला ६६व्या दिवसाचा डोस वाया गेला. ८७व्या दिवशी ते काठावर आहे: लागला तर लागला. कोणतं पिल्लू कोणत्या गटातलं हे वरून बघून कळत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी दार ठोठावत राहायचं. इतकंच त्या 'कोर्स'चं रहस्य आहे. तीन-चार डोस साठत जाऊन ताकद वाढते हा समज चुकीचा. एकच लागतो, फक्त तो कुठला हे माहीत नसतं.

म्हणून ३५व्या दिवसाचा डोस शून्य धरा. त्याने नुकसान काही झालेलं नाही, पण तो लागला असेल यावर विसंबू नका. आज ५०वा दिवस, आजच सुरुवात करा. २१ दिवसांच्या अंतराने ५०, ७१, ९२, ११३ अशा तारखा येतात. शेवटची बरोबर सोळा आठवडे आणि एक दिवसावर पडते.

वर्षाच्या बूस्टरबद्दल: वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशनच्या २०२४च्या मार्गदर्शनात हा डोस वर्षभर न थांबता २६व्या आठवड्याला किंवा त्यानंतर लगेच द्यावा असं आहे. कारण तेच: सोळाव्या आठवड्यालाही आईच्या अँटीबॉडी उरलेली थोडी पिल्लं असतात, त्यांना उगाच बारा महिने उघडं का ठेवायचं? त्यानंतर पार्वो, डिस्टेंपर (श्वसन आणि मेंदूवर जाणारा विषाणूरोग) आणि ॲडिनो (यकृताचा विषाणूरोग) यांची लस तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा लागत नाही.

थंडपेटी

अर्ध्या डोसाला स्पष्ट नाही. लशीचा डोस वजनावर ठरत नाही. जंताचं औषध किलोवर मोजतात, लस नाही. विषाणूची ठरावीक किमान संख्या आत गेली तरच शरीर दखल घेतं. दोन किलोच्या पिल्लाला आणि साठ किलोच्या कुत्र्याला पूर्ण कुपी, बहुतेक लशींत १ मिलि. एक कुपी दोन पिल्लांत वाटली की दोघंही अर्धवट.

टोचताना समोर उभे असाल तर हे पाहून घ्या. कुपी दोन असतात. एकीच्या तळाशी पांढुरकी वडी चिकटलेली असते, दुसरीत द्रावण. सुई आत गेल्यावर बहुतेक कुप्यांत द्रावण आपोआप ओढलं जातं, कारण आत निर्वात असतो. दट्ट्या दाबावा लागला, किंवा वडी आक्रसून चिकट-काळपट झालेली दिसली, तर ती कुपी बाजूला ठेवायला सांगा. कालवल्यावर लगेच टोचायची. सकाळी कालवून दुपारपर्यंत ठेवलेली लस म्हणजे नुसतं पाणी समजा.

साठवण २ ते ८ अंश. उष्णतेने वडीतला विषाणू मरतो. पण बर्फाला चिकटवून नेणंही बरोबर नाही, कारण द्रावणाच्या जागी अनेकदा लेप्टोची (लेप्टोस्पायरा या जिवाणूच्या रोगाची) मेलेली लस असते आणि ती गोठली की बिघडते. कुपी आणि बर्फ यांच्यामध्ये कापडाची घडी हवी. फ्रिजच्या दारात लस ठेवलेली दिसली तर मी तिथे टोचून घेणार नाही. दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं.

आणखी एक सवय: सिरिंज आतून स्पिरिटने धुणं किंवा उकळून पुन्हा वापरणं. स्पिरिटचा अंश उरला तर डिस्टेंपरचा भाग तिथल्या तिथे संपतो. नवी डिस्पोजेबल सिरिंजच हवी.

कार्डावर दोन्ही कुप्यांचे स्टिकर, बॅच नंबर, मुदत, तारीख आणि सही हवी. नुसतं 'पार्वो' लिहिलेल्या ओळीवरून लस जिवंत होती की मेलेली, एकटी की संयुक्त, काही कळत नाही. मेलेली असेल तर तिचं वागणं वेगळं: दोन डोस लागतात आणि संरक्षण उशिरा येतं. पार्वोसाठी जिवंत सौम्य लसच मागा.

आसराघर

वरच्या २१ दिवसांच्या तारखा सुरक्षित घरासाठी ठीक आहेत. या घरात पाच महिन्यांपूर्वी रोग झालाय. इथे मी १४ दिवसांचं अंतर धरेन: ५०, ६४, ७८, ९२, १०६, १२०. कुत्र्यांच्या आसऱ्यात जिथे विषाणू फिरत असतो तिथे चार ते सहा आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी आणि १८ ते २० आठवड्यांपर्यंत टोचतात. अँटीबॉडी २०च्या खाली गेल्यावर पुढचा डोस जितका लवकर, तितके उघडे दिवस कमी. २१च्या अंतरात सगळ्यात वाईट म्हणजे वीस दिवस फुकट जातात, १४मध्ये तेरा.

पण १४च्या खाली येऊ नका. घाबरून दर आठवड्याला टोचणारे लोक असतात. आधीच्या डोसाने शरीर विषाणूविरोधी तयारीत असतं आणि ती तयारी मागून आलेल्या लशीलाच अडवते.

आता घर. फिनेल विसरा. पार्वोचा विषाणू चरबीच्या वेष्टनाशिवाय असतो, आणि साबण, स्पिरिट, हँड सॅनिटायझर हे सगळे त्या वेष्टनावरच घाव घालतात. वेष्टनच नाही तर फोडणार काय? फिनेलचा वास येतो म्हणून जागा स्वच्छ वाटते, एवढंच. चालतं ते ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पोटॅशियम पेरॉक्सीमोनोसल्फेटची भुकटी आणि जनावरांच्या दवाखान्यात वापरतात ते ॲक्सिलरेटेड हायड्रोजन पेरॉक्साइडही चालतं.

५ टक्क्यांचं ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग. लिटरभर पाण्याला ३५ मिलि धरा. पण क्रम चुकला तर सगळं वाया:

आधी विष्ठा, केस, माती कोरड्यानेच उचला. मग डिटर्जंटने घासून स्वच्छ पाण्याने धुवा, पाणी निपटू द्या. मगच ब्लीच, आणि फरशी १० मिनिटं ओली राहिली पाहिजे. पाच मिनिटांत सुकत असेल तर पुन्हा ओतायचं. शेवटी पाण्याने धुवायचं, नाहीतर पिल्लाच्या तळव्यांना आणि जिभेला त्रास होतो.

घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीशीच झुंजून संपतं, विषाणूपर्यंत पोचत नाही. हे न समजल्याने कितीतरी घरं 'इतकं ब्लीच वापरलं तरी पुन्हा पार्वो' म्हणत राहतात. शिवाय लघवीत अमोनिया असतो. न धुतलेल्या मुतावर ब्लीच ओतलं की घसा जाळणारा वायू सुटतो. टॉयलेट धुण्याच्या ॲसिडमध्ये तर चुकूनही मिसळू नका. द्रावण रोजचं रोज करा. वर्षभर उघडी पडलेली बाटली ५ टक्के राहिलेली नसते.

आधीच्या पिल्लाची चघळलेली खेळणी, गादी, विणलेली टोपली, पट्टा टाकून द्या. ते धुण्यात वेळ घालवू नका. स्टीलचे वाडगे ब्लीचमध्ये १० मिनिटं बुडवून धुवून घ्या.

मागची जागा: मातीत ब्लीच निकामी होतं. तिथे ऊन, कोरडेपणा आणि वेळ हेच औषध. उन्हातला भाग पाच महिन्यांनी वापरायला ठीक धरतात. झाडाखालच्या सावलीत सात महिने धरा. म्हणजे तुमचा निम्मा भाग आत्ता काठावर आहे आणि निम्मा अजून बंद. सावलीकडे जाळी लावून टाका.

नवंपिल्लू

१४ दिवसांचंच करतो. पण मग दर वेळी तीच नाइन-इन-वन (नऊ घटकांची एकत्र लस) द्यायची का? पहिल्या डोसाला डॉक्टर 'फक्त दोघांची' म्हणाले, तेही समजलं नाही. आणि पहिल्या डोसानंतर किती दिवसांनी पिल्लू बाहेर नेता येईल?

शेपटीमागे

डॉक्टर बरोबर आहेत. 'दोघांची' म्हणजे डिस्टेंपर आणि पार्वो. मोठ्या संयुक्त लशीत लेप्टोस्पायराही असते, आणि ती साधारण आठ आठवड्यांच्या आधी देत नाहीत. तुमचं पिल्लू सात आठवड्यांचं आहे. पुढे लेप्टोचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने हवेत, ते ६४ आणि ९२ला बसवा. मधल्या आणि शेवटच्या फेऱ्यांना लेप्टोविना लस मागा. लेप्टो दर वर्षी लागते, पार्वोचं तसं नाही. वर्षाला सगळीच 'नाइन-इन-वन' टोचण्याची सवय यातूनच पडली आहे: एका घटकाला दर वर्षी लागतं म्हणून बाकीचे सगळे सोबत जातात. रेबीज वेगळी, बाराव्या आठवड्यापासून.

नावातल्या आकड्यावर जाऊ नका. सात की नऊ हे बरेचदा लेप्टोचे प्रकार आणि कोरोना मोजून आलेलं असतं. पार्वोचं संरक्षण त्याने वाढत नाही. आणि '२सी प्रकारावर जुनी लस चालत नाही' असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. पार्वो कुत्र्यांत १९७८मध्ये जगभर पसरला. त्यानंतर २ए, २बी आणि २००० साली इटलीत आढळलेला २सी असे प्रकार आले. २ किंवा २बीवर केलेली लस सगळ्यांपासून वाचवते. लस 'फेल' गेल्याच्या बहुतेक कहाण्यांमागे नवा प्रकार नसतो, अकराव्या-बाराव्या आठवड्यात थांबलेलं कार्ड असतं. किंवा पिल्लू टोचायला आणलं तेव्हाच त्याला लागण झालेली असते. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस, कधी चौदा. सोमवारी लस, गुरुवारी उलट्या, आणि खापर लशीवर.

आसराघर

बाहेरबद्दल: जमिनीवर, अनोळखी ठिकाणी, १२०व्या दिवसाच्या डोसानंतर आठवडा जाईपर्यंत नको. कुत्र्यांचा राबता असलेल्या बागा, दवाखान्याचं अंगण, झाडांचे बुंधे, सगळं यात आलं. पार्वो कुत्र्याकडूनच लागतो असं नाही. वाळून गेलेल्या, दिसेनाशा झालेल्या विष्ठेची माती पुरते. तुमचे बूट हाही एक रस्ता आहे. बाहेरचे बूट दाराबाहेर, आणि दुसऱ्या कुत्र्यांना हात लावून आलात तर कपडे बदला, साबणाने हात धुवा. साबण विषाणू मारत नसला तरी धुवून काढतो.

शेपटीमागे

इथे माझं थोडं वेगळं मत. पिल्लाचा जगाशी ओळख करून घ्यायचा काळ तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात असतो. ते सगळे दिवस कोंडून काढले तर पार्वोपासून वाचलेलं पण माणसांना, गाड्यांना, आवाजांना घाबरून चावणारं कुत्रं हाती येतं. पहिल्या डोसानंतर सात दिवस गेले की कडेवर किंवा पिशवीत घेऊन बाहेर न्यायला हरकत नाही. पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. पूर्ण लसीकरण झालेलं, तब्येतीने ठणठणीत, ओळखीचं मोठं कुत्रं धुवून घेतलेल्या फरशीवर भेटलं तर चांगलंच. इतर पिल्लं, त्यांची कार्डं पाहिल्याशिवाय, नाही.

आसराघर

कडेवर असेल तर माझी तक्रार नाही. फक्त दवाखान्यातही तसंच. वजनकाट्यावर आपला टॉवेल टाकायचा, बाकावर नाही, खाली तर नाहीच.

लॅबकोट

दोन गोष्टी राहिल्या.

कोर्स लागला की नाही हे तपासता येतं. शेवटच्या डोसानंतर किमान चार आठवड्यांनी रक्तातल्या अँटीबॉडी मोजायच्या. तुमच्या तारखांनुसार १४८व्या दिवसानंतर. त्याआधी मोजलं तर आकडा आईचा की पिल्लाचा हे सांगता येत नाही. अँटीबॉडी असतील तर विषय संपला. नसतील तर पुन्हा एक डोस देऊन चार आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. काही थोडी कुत्री जन्मजात पार्वोच्या लशीला उत्तरच देत नाहीत. रॉटवायलर, डॉबरमन या जातींत पार्वो जास्त आढळतो, त्यांच्यात तरी हे मोजणं पैसे वाचवण्याची जागा नाही. तपासणी होत नसेल तर २६व्या आठवड्याचा डोस चुकवू नका, तो त्याच कामाचा.

दुसरं, विष्ठेची पट्टी चाचणी. लशीतला विषाणूही काही दिवस विष्ठेतून बाहेर पडतो, त्यामुळे डोसानंतर चार ते दहा दिवसांत फिकट रेघ उमटू शकते. उलट खऱ्या रोगात अगदी सुरुवातीला किंवा उशिरा चाचणी केली तर रेघ येत नाही. पट्टी एकटी बघू नका. पांढऱ्या पेशी सोबत मोजून घ्या. पार्वो आतड्याच्या वाढत्या पेशींवर आणि अस्थिमज्जेवर एकदमच घाव घालतो, म्हणून त्या कोसळतात. लशीने तसं होत नाही.

नवंपिल्लू

आज डोस झाला. दोन्ही स्टिकर लावून घेतले. टोचल्या जागी वाटाण्याएवढी गाठ आलीय आणि पिल्लू झोपाळलंय. काळजीचं का?

थंडपेटी

नाही. दिवसभर सुस्ती, थोडी कणकण, बारीक गाठ, हे ठीक. गाठ चोळू नका, शेकू नका, दोन-तीन आठवड्यांत विरते. पहिल्या तासाभरात तोंड किंवा डोळ्यांभोवती सूज, अंगावर गांधी, उलट्या किंवा हिरड्या पांढऱ्या पडणं यांपैकी काही दिसलं तर उलट पावली दवाखाना. पुढच्या डोसाला टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, पण गाडीत.

आसराघर

आणि दवाखान्याला न्यायचं दुसरं कारण लक्षात ठेवा. पिल्लाने एक जेवण नाकारलं आणि दोनदा उलटी केली, की जुलाबात रक्त दिसायची वाट बघत बसू नका. रक्त दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, तोवर पिल्लाच्या अंगातलं पाणी संपलेलं असतं. उलटी चालू असताना तोंडाने साखर-मीठ पाणी पाजू नका, तेही बाहेर येतं. सलाइनच लागतं. निघायच्या आधी फोन करून 'पार्वोचा संशय आहे, डोस इतके झालेत, शेवटचा अमुक दिवशी' असं सांगा, म्हणजे ते तुम्हाला मागच्या दाराने घेतील आणि रांगेतली बाकीची पिल्लं वाचतील. कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. घाईत कार्ड घरीच राहतं.